छोट्या प्लेटिंग युनिटचं सांडपाणी आणि गाळ: बॅच पद्धतीने प्रक्रिया कशी करायची

अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या बहुतेक प्लेटिंग शॉपमध्ये ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) नावाची टाकी असते, केमिकल मोजून सोडणारा डोसिंग पंप असतो आणि गाळ दाबून पाणी काढणारी फिल्टर प्रेसही असते. तरीही पाण्याचा नमुना फेल होतो. कारण बहुतेक वेळा टाकीत सापडत नाही, ते टाकीपर्यंत येणाऱ्या गटारात असतं. क्रोमचं, सायनाइडचं, पिकलिंगच्या (गंज काढायच्या) ॲसिडचं आणि तेलकट डीग्रीसिंगचं पाणी एकाच गटारातून आलं, तर पुढे कितीही महागडी केमिकल ओतली तरी गणित जमत नाही.

पुढची माहिती रोज साधारण एक ते तीन हजार लिटर सांडपाणी निघणाऱ्या युनिटसाठी आहे. एवढ्या पाण्याला सतत वाहणारा, आपोआप चालणारा प्लांट लागत नाही. दिवसाचं पाणी साठवायचं, एक बॅच घ्यायची, तपासायची आणि मगच सोडायची. चूक झाली तर बॅच टाकीतच असते, परत सुधारता येते. वाहत्या प्लांटमध्ये चूक कळेपर्यंत पाणी नासर्डीत पोचलेलं असतं. नासर्डी टाकळीजवळ गोदावरीला मिळते. पाणी घरगुती मलजल केंद्रात गेलं तरी तिथले जिवाणू जडधातू पचवत नाहीत. तो धातू एकतर तसाच नदीत पुढे जातो, नाहीतर केंद्राच्या गाळात बसतो.

पाण्याचे चार रस्ते

चार वेगळ्या पाइपलाइन आणि चार साठवण टाक्या करा. जागा कमी असेल तर पाचशे लिटरच्या एचडीपीई टाक्या एकमेकींशेजारी बसवा, पण रस्ते वेगळेच ठेवा.

पहिली लाइन क्रोमची. क्रोम प्लेटिंग आणि पॅसिव्हेशननंतरच्या (प्लेटिंगवर गंजरोधक क्रोमचा थर चढवल्यानंतरच्या) धुण्याचं पाणी, शिवाय क्रोम टाकीवरच्या स्क्रबरचं (वाफा धुणाऱ्या यंत्राचं) पाणीही यातच. दुसरी सायनाइडची, म्हणजे सायनाइड झिंक, कॉपर किंवा सिल्व्हर करत असाल तर. तिसरी ॲसिड-अल्कलीची: पिकलिंग, ॲसिड झिंक, निकेलच्या धुण्याचं पाणी. चौथी तेलकट: डीग्रीसिंगचं. निकेलचं काम जास्त असेल तर त्यालाही स्वतंत्र लाइन द्या, कारण पुढे दिसेल.

सायनाइडची आणि ॲसिडची लाइन एकमेकींजवळूनही नेऊ नका. सायनाइडचं पाणी ॲसिडला मिळालं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, आणि तो काही क्षणांत माणूस मारतो. म्हणून सायनाइडची पाइप लाल रंगवा आणि तिचे व्हॉल्व्ह कुलूपबंद ठेवा. सायनाइडच्या टाकीभोवतीच्या बंधाऱ्यात ॲसिडचा एकही कारबोय (कॅन) नको. दुसरी गोष्ट लोक विसरतात: सायनाइडच्या पाण्यात लोखंड जाऊ देऊ नका. पिकलिंगचं लोहयुक्त पाणी किंवा फेरस सल्फेट त्यात पडलं की फेरोसायनाइड तयार होतं, आणि हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) ते फुटत नाही. मग नमुन्यात सायनाइड दिसत राहतं आणि ऑपरेटर हायपो वाढवत बसतो.

पाणी कमी करा, मग प्रक्रिया करा

जिग (जॉब टांगायची चौकट) टाकीतून बाहेर काढल्यावर दहा-पंधरा सेकंद टाकीवरच निथळू द्या. टाकी आणि धुण्याच्या टाकीमध्ये उतरता प्लास्टिकचा पत्रा लावा, म्हणजे थेंब परत बाथमध्ये (प्लेटिंगच्या द्रावणात) जातील. पीसरेटवर काम करणारा कामगार हे पंधरा सेकंद देणार नाही. त्यासाठी होइस्टला टायमर लावा, किंवा रेट ठरवताना ते धरा.

बाथनंतर लगेच एक बिनवाहत्या पाण्याची टाकी ठेवा. क्रोम बाथ गरम असतो, त्यातून बाष्पीभवन होतं, आणि या टाकीतलं पाणी भरपाई म्हणून परत बाथमध्ये टाकता येतं. क्रोमिक ॲसिडची खरेदी कमी होण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

त्यानंतरच्या धुण्यासाठी एकाच टाकीत नळ सोडून देऊ नका. दोन किंवा तीन टाक्या ओळीने लावा आणि पाणी कामाच्या उलट दिशेने वाहू द्या, म्हणजे स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत पडेल आणि पहिल्या टाकीतून बाहेर जाईल. जिगबरोबर बाथचं एक लिटर बाहेर येतं आणि ते हजारपट पातळ करायचं आहे असं धरा. एका टाकीत त्याला साधारण १००० लिटर पाणी लागतं. दोन टाक्यांमध्ये सुमारे ३२ लिटरमध्ये काम होतं, तीन टाक्यांमध्ये दहा लिटरमध्ये. प्रत्यक्षात टाकीतलं पाणी नीट ढवळलं गेलं नाही तर थोडं जास्त लागतं, पण फरक एवढा मोठा आहे की ईटीपी वाढवण्याआधी दोन टाक्या वाढवणं स्वस्त पडतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पाणी वाढवून नमुना पातळ करणं ही प्रक्रिया नाही, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ ती मान्य करत नाही.

क्रोमची बॅच

नमुना फेल होण्याचं प्रमाण इथे सर्वाधिक, म्हणून जरा सविस्तर.

षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे पिवळं क्रोम, चुना टाकून खाली बसत नाही. आधी ते त्रिसंयुजी करावं लागतं. त्यासाठी लागतो सोडियम मेटाबायसल्फाइट, शॉपमध्ये त्याला ‘मेटा’ म्हणतात. एक ग्रॅम षट्संयुजी क्रोमियमला सैद्धांतिक २.७४ ग्रॅम मेटा पुरतो. प्रत्यक्षात चार ते पाच ग्रॅम धरा, कारण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि उघडून ठेवलेल्या गोणीतला खराब झालेला मेटा दोन्ही त्यात वाटेकरी असतात. जुना मेटा हवेने सल्फेट होतो. गोणी उघडली की दहा-दहा किलोच्या बंद पिशव्या करून ठेवा.

फेरस सल्फेटनेही काम होतं आणि तो स्वस्त मिळतो. पण एक ग्रॅम क्रोमियमला सुमारे १६ ग्रॅम लागतो, आणि लोखंडाचा गाळ धरून एकूण गाळ चौपट होतो. गाळ पाठवायचा खर्च किलोवर असेल तर स्वस्त फेरस महाग पडतो.

हजार लिटरच्या बॅचचं उदाहरण घेऊ. किटवर षट्संयुजी क्रोमियम ६० मिलिग्रॅम प्रति लिटर आलं, म्हणजे टाकीत ६० ग्रॅम.

१. स्टरर चालू करा. हवेचा पंप वापरू नका. बुडबुड्यांतला ऑक्सिजन मेटा खातो आणि सल्फर डायऑक्साइड हवेत उडवतो.

२. पातळ सल्फ्युरिक ॲसिडने पीएच २.० ते २.५ वर आणा. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. ९८ टक्क्यांचं साधारण दीडशे ते दोनशे मिली लागेल. बोअरच्या पाण्याला जास्त, कारण त्यात अल्कलीपणा असतो. आधीच दहा टक्क्यांचं द्रावण करून ठेवा आणि ते ओता.

३. मेटाचं दहा टक्क्यांचं ताजं द्रावण, म्हणजे १०० ग्रॅम मेटा आणि पाणी घालून एक लिटर. ६० ग्रॅम क्रोमियमला २४० ग्रॅम मेटा, म्हणजे सुमारे अडीच लिटर द्रावण. दोन लिटर घाला, थांबा, मग उरलेलं पाव-पाव लिटर करत घाला. ओआरपी मीटर (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद मोजणारा) २५० ते ३०० मिलिव्होल्टच्या आसपास खाली येऊन स्थिर झाला की थांबा.

४. १५ ते २० मिनिटं ढवळत ठेवा. पिवळसर पाणी हिरवट-निळसर होतं. ६० मिलिग्रॅमला तो रंग फिकाच असतो, डोळ्यांवर विसंबू नका.

५. आता, चुना घालण्याआधी, डायफेनिलकार्बाझाइड किटने तपासा. गुलाबी-जांभळा रंग आला तर क्रोम शिल्लक आहे, मेटा थोडा वाढवा. ही तपासणी ॲसिड अवस्थेतच करायची. पीएच वर गेल्यानंतर न बदललेलं क्रोम आणि जास्तीचा मेटा शेजारी शेजारी राहू शकतात. किटमध्ये ॲसिड पडलं की तोच मेटा टेस्ट ट्यूबमध्ये क्रोम बदलतो आणि किट ‘ठीक’ दाखवतो. नमुना मात्र प्रयोगशाळेत फेल होतो. ‘आमच्या किटवर शून्य होतं’ ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते.

६. दहा टक्के चुन्याचं दूध घालून पीएच ८.५ ते ९.० करा. या बॅचला अर्धा ते पाऊण किलो हायड्रेटेड चुना लागतो. चुना हळू विरघळतो. पीएच मीटर ८.५ दाखवतो म्हणून थांबलात तर दहा मिनिटांनी तो ९.५ असेल. शेवटचा भाग अगदी थोडा थोडा घाला.

पीएच ९.५ च्या वर गेला की त्रिसंयुजी क्रोमियम परत विरघळायला लागतं. झिंकला ९ ते ९.५ आवडतो, निकेलला १० ते १०.५. म्हणूनच निकेलला वेगळी टाकी. एकाच पीएचवर तिन्ही नीट बसत नाहीत.

७. ॲनायोनिक पॉलिइलेक्ट्रोलाइटचं (बारीक कण एकत्र बांधणारी पावडर, शॉपमध्ये ‘पॉली’) ०.१ टक्का द्रावण एक ते तीन लिटर घाला, म्हणजे एक ते तीन मिलिग्रॅम प्रति लिटर. घालताना स्टररचा वेग कमी करा. वेगात घातलं तर गुठळ्या फुटतात. दोन मिनिटांत पाण्यात कापसासारखे पुंजके दिसले पाहिजेत आणि त्यांच्यामधलं पाणी काचेसारखं स्वच्छ.

पॉली बनवताना पावडर ढवळत्या पाण्यात चिमटीने शिंपडायची, एक ग्रॅमला एक लिटर. तास-दीड तास ढवळू द्यायचं. एकदम ओतली तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात आणि त्या कधीच विरघळत नाहीत. द्रावण दोन दिवसांत वापरून संपवा.

८. स्टरर बंद. दोन ते तीन तास बसू द्या. टाकीला वेगवेगळ्या उंचीवर तीन नळ असतील तर वरचं स्वच्छ पाणी आधी काढता येतं. तळ शंकूसारखा, साठ अंशांच्या उताराचा असावा. सपाट तळाच्या टाकीत गाळ कोपऱ्यात कुजतो आणि पुढच्या बॅचमध्ये मिसळतो.

९. वरचं पाणी सँड फिल्टरमधून काढा, पीएच ७ ते ८.५ वर आणा, शेवटचा नमुना तपासा. प्लेटिंगच्या सांडपाण्याच्या मर्यादा: षट्संयुजी क्रोमियम ०.१, एकूण क्रोमियम २, निकेल ३, झिंक ५, सायनाइड ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर, पीएच ६ ते ९, तरंगते घन पदार्थ १००, तेल-ग्रीस १०. मात्र मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडे किंवा ‘शून्य विसर्ग’ अशी अट असेल तर तीच लागू होते. ते कागद फाइलमधून काढून एकदा ओळीने वाचा.

ही सगळी बॅच बाथच्या द्रावणाची नाही, धुण्याच्या पाण्याची. २५० ग्रॅम प्रति लिटरच्या क्रोम बाथच्या एका लिटरमध्ये १३० ग्रॅम क्रोमियम असतं, म्हणजे वरच्या दोन बॅचहून जास्त. बाथची गळती किंवा जुना बाथ थेट टाकीत ओतला की मेटाचा सगळा हिशेब कोलमडतो. तो पिंपात साठवा आणि बॅचमागे अर्धा-अर्धा लिटर असा मुरवा, किंवा थेट घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राला पाठवा.

कोणतं लक्षण कशाचं, तेही माहीत असलेलं बरं. मेटा घालताना डोळ्यांना झोंबणारा, घसा धरणारा वास आला म्हणजे पीएच २ च्या खाली गेला आहे किंवा मेटा एकदम पडला. ओआरपी हलतच नसेल तर पीएच ३.५ च्या वर आहे का पाहा. त्या पातळीवर अभिक्रिया इतकी हळू होते की ऑपरेटर मेटा ओतत राहतो. दोन्ही ठीक असतील तर प्रोब बाहेर काढा. टोकावर तेलाचा थर असतो, पातळ ॲसिडने आणि साबणाच्या पाण्याने पुसा. पीएच प्रोब आठवड्याला ४ आणि ७ च्या बफरवर लावून घ्या, आणि रात्री साध्या पाण्यात नाही, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. साध्या पाण्यात ठेवलेला प्रोब महिन्याभरात मंद होतो.

त्रिसंयुजी पॅसिव्हेशनवर गेला असाल तर पिवळ्या क्रोमचा हा टप्पा लागत नाही, वाहन उद्योगाच्या ग्राहकांनी ते बरंच सोपं केलं आहे. पण एकूण क्रोमियमची मर्यादा तशीच राहते, आणि त्या बाथमधल्या सेंद्रिय आम्लांमुळे धातू पाण्यातच घट्ट धरला जातो.

सायनाइड

आता नव्या शॉपमध्ये सायनाइड कमीच दिसतं, पण सिल्व्हर आणि कॉपर स्ट्राइकवाले (तांब्याचा पातळ पहिला थर देणारे) अजून आहेत.

दोन टप्पे. पहिला टप्पा पीएच १०.५ ते ११ वर, कॉस्टिक सोड्याने. हायपो हळूहळू घाला, ओआरपी ३५० ते ४०० मिलिव्होल्टपर्यंत वर येतो, मग ४५ मिनिटं ते तास ढवळा. इथे सायनाइडचं सायनेट होतं. दुसऱ्या टप्प्यात पीएच पातळ ॲसिडने सावकाश ८.५ वर आणा, आणखी हायपो घाला, ओआरपी ६०० च्या वर, पुन्हा तासभर. सायनेटचं नायट्रोजन आणि कार्बनच्या संयुगांमध्ये रूपांतर होतं. पहिला टप्पा संपण्याआधी पीएच खाली आणू नका. १० च्या खाली सायनोजन क्लोराइड टिकून राहतो, आणि तोही विषारी वायू आहे. उघडी जागा, एक्झॉस्ट, आणि टाकीजवळ एकटा माणूस कधीच नाही.

५०० लिटरमध्ये ५० मिलिग्रॅम सायनाइड असेल तर एकूण २५ ग्रॅम. पूर्ण फोडायला ग्रॅममागे ६.८ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १७० ग्रॅम. दहा टक्के हायपोमध्ये लिटरला १०० ग्रॅम, म्हणून सिद्धांतात १.७ लिटर. प्रत्यक्षात दोन ते अडीच, तांबं असेल तर त्याहून जास्त. एप्रिल-मे मध्ये उन्हात ठेवलेल्या हायपोची ताकद काही आठवड्यांत अर्ध्यावर येते. सावलीत ठेवा, दोन-तीन आठवड्यांपुरताच घ्या, आणि वापरताना जुना वाटला तर मात्रा वाढवण्याआधी ताकद तपासून घ्या.

स्टार्च-आयोडाइड कागद निळा झाला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. ते चांगलं लक्षण. पण तेच पाणी थेट क्रोमच्या बॅचमध्ये किंवा क्रोमच्या गाळावर पाठवलं तर क्लोरीन खाली बसलेल्या त्रिसंयुजी क्रोमला परत पिवळं करू शकतो. आधी थोडा मेटा घालून क्लोरीन संपवा, मगच एकत्र करा.

घट्ट बाथ थेट हायपोने फोडायला जाऊ नका. खूप उष्णता निघते आणि पाणी उसळतं.

धातू खालीच बसत नसेल तर

अमोनियम क्लोराइडवाला ॲसिड झिंक बाथ, झिंक-निकेल बाथ, आणि काही क्लीनर यांच्यात अमोनिया, अमाइन्स, सायट्रेट, ईडीटीए असतं. हे पदार्थ धातूला मिठीत धरून ठेवतात. पीएच बरोबर असूनही निकेल पाच-सहा मिलिग्रॅम येतं. दोन काचेच्या भांड्यांत एक-एक लिटर घेऊन चाचणी करा: एका भांड्यात फक्त चुना, दुसऱ्यात चुना आणि डायथायोकार्बामेटवर आधारित धातूशोषक. दुसऱ्यात निकेल खाली आलं तर कारण कळलं. सोडियम सल्फाइडही चालतं, पण ते ॲसिडला भेटलं की हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. त्यामुळे लहान शॉपला ते देणं बरं नाही.

गाळ, प्रेस आणि सुकवण

बॅचमागे तळाशी ५० ते १०० लिटर पातळ गाळ राहतो, त्यात घन पदार्थ एक-दोन टक्केच. फिल्टर प्रेसमध्ये तो केक होऊन २५ ते ३५ टक्क्यांवर येतो. पंप सुरुवातीला अगदी हळू चालवा, मग दाब हळूहळू पाच ते सात बारपर्यंत वाढवा. सुरुवातीलाच पूर्ण दाब दिला तर कापडाची भोकं लगेच बुजतात आणि मधला भाग ओला राहतो.

प्रेस उघडल्यावर केक स्वतःहून सुटत असेल तर सगळं जमलं. चिखलासारखा चिकटत असेल तर तीन कारणं: पॉली जास्त, प्रेस अर्धवट भरली, किंवा कापड खराब. चुन्याचा गाळ कॉस्टिकच्या गाळापेक्षा लवकर सुटतो. कॉस्टिकने गाळ कमी होतो हे खरं, पण तो जेलीसारखा असतो आणि पाणी सोडत नाही. कापड तीन-पाच टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतलं की ते पाणी ॲसिडच्याच लाइनमध्ये जातं, गटारात नाही.

सुकवणीची बेड वापरत असाल तर तिच्यावर छत हवंच. नाशिकला जून ते सप्टेंबर पाऊस, आणि त्यात उघड्या बेडवरचा गाळ परत पाणी होऊन वाहतो. उन्हाळ्यात मात्र दहा-बारा दिवसांत भेगा पडेपर्यंत सुकतो. टाकी किंवा खड्ड्यात उतरून गाळ काढायची वेळ आली तर माणसाला दोराशिवाय आणि बाहेर उभ्या दुसऱ्या माणसाशिवाय उतरवू नका. जुन्या गाळात वायू साचलेला असतो.

आणखी एक हिशेब करून ठेवा. एक किलो क्रोमिक ॲसिडमध्ये ५२० ग्रॅम क्रोमियम असतं. सगळं वाया गेलं तर त्यापासून सुमारे एक किलो कोरडा हायड्रॉक्साइड होतो, तीस टक्क्यांच्या केकमध्ये तीन-साडेतीन किलो, शिवाय चुना वेगळा. वर्षभरात किती क्रोमिक ॲसिड घेतलं आणि किती गाळ पाठवला, याची ही ढोबळ सांगड तपासणारा अधिकारीही घालतो. काही क्रोम जॉबवर जातं हे खरं. पण शंभर किलो खरेदी आणि वीस किलो गाळ हे पचत नाही.

साठवण आणि कागद

प्लेटिंगचा धातूयुक्त गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूची १ मध्ये १२.८ क्रमांकाला, सांडपाणी प्रक्रियेचा गाळ ३५.३ ला, वापरलेलं तेल ५.१ ला, रसायन लागलेली रिकामी पिंपं ३३.१ ला, तेलकट चिंध्या ३३.२ ला. संमतीपत्रात हे क्रमांक आणि वार्षिक प्रमाण लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्यापेक्षा जास्त निघत असेल तर आधी सुधारणा करून घ्या, मग पाठवा. उलटं केलं तर मॅनिफेस्टच (कचऱ्याबरोबर जाणारा वाहतुकीचा कागद) अडकतो.

जागा: छप्पर, काँक्रीटची जमीन, वर ॲसिड-प्रूफ थर, चारही बाजूंनी बंधारा. सांडलेलं पाणी अडवण्याइतका, साधारण सगळ्यात मोठ्या पिंपाच्या ११० टक्के क्षमतेचा. ॲसिडची पिंपं एका टोकाला, हायपो आणि सायनाइड दुसऱ्या टोकांना, मध्ये भिंत. मेटाच्या गोण्यांजवळ ॲसिड नको.

लेबलचा नमुना फॉर्म ८ मध्ये आहे: चमकदार पिवळी पार्श्वभूमी आणि लाल अक्षरात ‘घातक कचरा’, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, न पुसल्या जाणाऱ्या साहित्यावर. आत प्लास्टिकचा थर असलेल्या एचडीपीई गोणीत गाळ भरा, प्रत्येक गोणी वजन करून तारीख टाका.

साठवणीची मर्यादा ९० दिवस. नव्वदी भरायच्या आत गाडी बोलवायची असेल तर साठाव्या दिवशी फोन करायला लागतो, कारण एकट्या छोट्या शॉपसाठी गाडी लगेच येत नाही. शेजारच्या दोन-चार युनिटने मिळून एकच फेरी ठरवली तर वाहतूक स्वस्त पडते, पण मॅनिफेस्ट प्रत्येकाचा स्वतंत्र. राज्यात अंतिम विल्हेवाटीची केंद्रं रांजणगाव, तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यात महापे आणि नागपूरजवळ बुटीबोरी इथे आहेत.

वाहनात कागद चार: फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, फॉर्म ९ चं आपत्कालीन माहितीपत्र, वाहनाचा परवाना, वजनाची पावती. मॅनिफेस्टच्या प्रती रंगावरून ओळखतात: पांढरी तुमच्याकडून मंडळाला, पिवळी तुमच्याकडे, आणि केंद्राने माल स्वीकारल्यावर निळी तुमच्याकडे परत येते. ती निळी प्रत येईपर्यंत काम संपलेलं नाही. ती परत आली नाही तर पाठपुरावा तुम्हीच करायचा. फॉर्म ३ मध्ये रोजची नोंद, फॉर्म ४ चा वार्षिक परतावा ३० जूनपर्यंत. मंडळाचं नाशिकचं कार्यालय त्र्यंबक रस्त्यावर, सातपूरला उद्योग भवनात आहे.

रिकामी पिंपं

निळी प्लास्टिकची पिंपं भंगारवाल्याला देऊन टाकणं ही सर्रास पद्धत आहे. तो ती पाणी भरायला विकतो. मार्च-एप्रिलमध्ये टँकरवर जगणाऱ्या गावांमध्ये त्यांना चांगला भाव येतो, आणि तळाशी राहिलेलं अर्धा लिटर ॲसिड किंवा क्रोम त्या घरात जातं. म्हणून पिंप तीनदा धुवायचं, धुण्याचं पाणी योग्य लाइनमध्ये सोडायचं, पिंपाच्या तळाला दोन भोकं पाडायची, आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. पुरवठादाराने पिंप परत घेण्याची अट खरेदी ऑर्डरमध्ये लिहिलीत तर हे बरंच सोपं होतं.

वापरलेलं तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराला द्यायचं. जुनं पिकलिंग ॲसिड रस्त्यावर ओतायचं नाही आणि ‘घेऊन जातो’ म्हणणाऱ्या टँकरवाल्यालाही नाही. त्याचा मॅनिफेस्ट नसतो आणि ते कुठे ओतलं गेलं ते तुमच्या नावावर येतं.

लॉगबुक

वही साधी असावी, पण प्रत्येक बॅचला एक ओळ हवी. उदाहरण: ‘बॅच ४१, १००० लिटर, सुरुवातीला पीएच ६.८, क्रोम ६०. ॲसिड १८० मिली, मेटा २.६ लिटर, ओआरपी २७०, किट निरंक. चुना ६०० ग्रॅम, पीएच ८.७, पॉली २ लिटर, शेवटी पीएच ७.९, सोडलं ४.१५ ला.’ मीटरचे आकडे छापून चिकटवले तर आणखी चांगलं. चुकलेली बॅचही लिहायची, खोडाखोड न करता. त्याच वहीत प्रोबचं कॅलिब्रेशन आणि मेटाच्या गोणीची तारीख.

त्याच बॅचच्या शेवटच्या पाण्याची अर्धा लिटरची बाटली झाकण घट्ट लावून, तारीख टाकून, सावलीतल्या कपाटात तीस दिवस ठेवा. बाटलीच्या तळाला दुसऱ्या दिवशी हिरवट थर दिसला तर गाळ नीट बसलेला नव्हता. पॉलीची मात्रा किंवा बसण्याचा वेळ पुढच्या बॅचमध्ये बदला.